बसवनगुडीचा कातळ, त्यातले पाणी आणि प्रस्तावित बोगदा

बंगळुरूमध्ये हेब्बाळपासून सिल्क बोर्डापर्यंत सुमारे १६.७ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा-रस्ता खोदण्याची योजना २०२५ मध्ये देशभरच्या बातम्यांत झळकली, ती मुख्यतः लालबागेमुळे. बोगद्यात शिरण्या-उतरण्याचा मार्ग आणि हवा खेळती ठेवणारा शाफ्ट लालबागेच्या परिसरात येणार, हे कळताच नागरिक, भूवैज्ञानिक आणि वृक्षप्रेमी यांनी जोरदार विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. वाद झाला तो झाडांचा, खर्चाचा आणि वाहतुकीचा. हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु ज्या पदार्थातून हा बोगदा जायचा आहे, त्याच्याविषयी दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले ते फार ढोबळ होते. समर्थकांच्या मते खाली तीन अब्ज वर्षांचा अभेद्य कातळ आहे, म्हणून चिंता नाही. विरोधकांच्या मते बोगदा पडला की शहराचे भूजल आटेल. पहिल्या विधानात ‘अभेद्य’ हा शब्द चुकीचा आहे. दुसऱ्या विधानातली भीती निराधार नाही, पण ती कोठे खरी आणि कोठे खोटी हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि मोजण्याचे काम या शहरात, खरे तर या देशात, कंत्राट दिल्यानंतर सुरू होते.

हा विषय समजून घ्यायला बसवनगुडीइतकी सोयीची जागा नाही. लालबागेच्या पश्चिमेला लागून असलेली ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आखली गेली आणि १८९८ च्या प्लेगनंतर भरत गेली. डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने सुरू केलेली संस्था याच भागात आहे, हे मराठी वाचकाला जाता जाता सांगण्याजोगे. पण वस्तीचे नाव पडले ते मोठ्या नंदीच्या देवळावरून, आणि तो नंदी ज्या उंचवट्यावर बसला आहे तो उंचवटा म्हणजे जमिनीतून वर डोकावणारा कातळच. शेजारी ब्यूगल रॉक. थोडे पूर्वेला लालबागेतला तो घुमटाकार खडक, ज्याच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा बुरूज आहे. पश्चिमेला गवीपुरममधले गुहेतले गंगाधरेश्वराचे देऊळ. हे सारे एकाच खडकाचे निरनिराळे माथे आहेत. त्या खडकाला ‘पेनिन्सुलर नाइस’ हे नाव मैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्यातील डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये दिले. मराठी विज्ञानग्रंथांत नाइसला पट्टिताश्म म्हणतात. लालबागेतील खडकाला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७५ मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले. घोषणेला कायद्याचे पाठबळ मात्र नाही. अशा स्थळांच्या संरक्षणासाठी २०२२ मध्ये मांडलेला विधेयकाचा मसुदा मसुदाच राहिला.

याच नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते अशी परंपरागत श्रद्धा आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी भूगोल बाजूला ठेवता येत नाही. बसवनगुडी जलविभाजक उंचवट्याच्या जवळ वसलेली आहे. तिच्या पश्चिमेचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळते, तर पूर्वेकडच्या खोऱ्याचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. कातळाच्या पायथ्याशी झरा असणे हा योगायोग नसतो. पाऊस उघड्या खडकावरून वाहतो, कडेच्या मुरमात शिरतो आणि खालचा अखंड दगड त्याला अडवतो, म्हणून तो तेथेच बाहेर पडतो. ज्यांनी देऊळ आणि तलाव यांच्या जागा निवडल्या, त्यांना हे गणित सूत्राशिवाय ठाऊक होते. केंपांबुधी तलाव याच उताराच्या खाली आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्याला हा खडक फसवतो. सह्याद्रीतला काळा पाषाण लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. एक थर घट्ट, त्यावरचा सच्छिद्र, मध्ये कोठे लाल मातीचा पट्टा. पाणी कोणत्या थरात लागेल याचा अंदाज शेजारच्या विहिरीवरून बांधता येतो. पट्टिताश्मात असे थर नाहीत. त्यातले पांढरे-काळे पट्टे अतितीव्र दाबाखाली आणि तापमानात खनिजांची पुनर्रचना होऊन बनले. दक्षिण कर्नाटकात हे पट्टे साधारण उत्तर-दक्षिण धावतात आणि बहुधा तीव्र उताराने जमिनीत शिरतात. पट्ट्यांच्या दिशेने खडक तुलनेने सहज फुटतो. त्यांना छेदणाऱ्या भेगांच्या आणखी एक-दोन जोड्या असतात. शिवाय सुमारे २.३७ अब्ज वर्षांपूर्वी या साऱ्यात वितळलेला डोलेराइट पूर्व-पश्चिम घुसला आणि उभ्या भिंतींसारखा थिजला. या भिंती कधी भूजल अडवणाऱ्या बंधाऱ्यासारख्या वागतात, कधी त्यांच्या भेगाळलेल्या कडांवरून पाणी धावते. कोणती भिंत कशी वागेल हे वरून दिसत नाही.

लालबागेच्या घुमटावर आणखी एक गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दगडाचे मोठे पाळे पृष्ठभागाला समांतर सुटलेले असतात. लाखो वर्षांच्या झिजेने वरचे ओझे निघून गेले, दडपलेला दगड वरच्या दिशेने सैलावला आणि या चादरी-भेगा पडल्या. बंगळुरूच्या आसपासच्या पाथरवटांनी या गुणधर्माचा उपयोग शंभर वर्षांपूर्वीच केला होता. ग्रॅनाइटवर लाकडांचा विस्तव हळूहळू पुढे सरकवत नेऊन ते दगडाचा पातळ, विस्तीर्ण पाळा सुटा करीत आणि हातोड्याच्या आवाजावरून तो खाली कोठवर सुटला हे ओळखीत. आजच्या भूकंपीय चाचण्यांचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. फरक इतकाच की त्या पाथरवटाला एक चौकोन तपासायचा होता, आणि बोगद्याच्या अभियंत्याला १६ किलोमीटर.

आता वरच्या भागाकडे. उघडा कातळ बसवनगुडीत मोजक्याच ठिकाणी आहे. बाकी सर्वत्र त्यावर मुरूम आणि लालसर माती आहे. ही माती बाहेरून वाहून आलेली नाही. पाणी भेगांतून शिरत गेले, फेल्डस्पारची चिकणमाती झाली, क्वार्ट्‌झचे कण तसेच राहिले आणि दगड जागच्या जागी कुजला. भेगा जेथे दाट, तेथे कुजण्याची प्रक्रिया खोल गेली. जेथे विरळ, तेथे घट्ट गोटे मातीत अडकून राहिले. म्हणून एका घराच्या पायाखाली तीन मीटरवर कातळ लागतो आणि रस्त्याच्या पलीकडे वीस मीटरवरही लागत नाही. कातळाचा माथा सपाट नसून दातांसारखा खालीवर आहे. दोन चाचणी-छिद्रांच्या टोकांना सरळ रेषेने जोडून नकाशावर ‘खडकाची पातळी’ काढणे ही या प्रदेशातली सर्वांत महाग पडणारी रेघ आहे.

नम्म मेट्रोला ती पहिल्या टप्प्यात भोवली. चिक्कपेट परिसरात ‘गोदावरी’ नावाचे बोगदा खोदणारे यंत्र अनेक महिने अडकून पडले. यंत्राच्या तोंडासमोर एकाच वेळी अर्धा कातळ आणि अर्धी माती आली की दोघांना पुरी पडतील अशी पाती नसतात. कातळ कापताना माती वरून ढासळू लागते; माती सांभाळण्यासाठी दाब वाढवावा तर पाती कातळावर तुटतात. भूमिगत मार्ग अखेर जून २०१७ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यातील गुलाबी मार्गाच्या १३.७६ किलोमीटर भूमिगत भागासाठी नऊ यंत्रे लागली आणि खोदकाम ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले. त्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, शूले सर्कलजवळ रस्ता खचून खड्डा पडला. टॅनरी रोडवर तर एका घराच्या आवारातली जुनी, बुजवलेली विहीर ढासळली. विहिरीची नोंद कोणत्याही नकाशावर नव्हती. हा प्रसंग पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

पाणी या खडकात राहते कोठे? वरच्या कुजलेल्या थरात, आणि खालच्या भेगांत; दगडाच्या दाण्यादाण्यांत जवळजवळ मुळीच नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या अंदाजपद्धतीत अशा कुजलेल्या पट्टिताश्माला, चिकणमातीच्या प्रमाणानुसार, दीड ते तीन टक्के पाणी सोडणारा मानतात आणि फारशा भेगा नसलेल्या घट्ट खडकाला ०.३ टक्के. म्हणजे शहराची खरी टाकी वरच्या पंधरा-वीस मीटरांत आहे. तीनशे मीटर खोल विंधन विहीर ही टाकी नव्हे. ती वरच्या टाकीतून गळणाऱ्या बारीक नळ्यांना लावलेली पेंढी आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने शहरातील सुमारे १३,९०० सरकारी विंधन विहिरींपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांनी आणखी खोल जाण्याचा उपाय सुचवला. खोली वाढत जाते तसा वरच्या दगडाचा भार भेगा मिटवत जातो. पैसे मात्र फुटाफुटाला वाढतात.

भेगेची रुंदी किती महत्त्वाची, याचा हिशेब भौतिकशास्त्राच्या पदवी वर्गातला आहे. दोन समांतर पृष्ठभागांमधून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण त्यांच्यातील अंतराच्या घनाशी निगडित असते. एक मिलिमीटर रुंदीच्या भेगेतून, दहा मीटर अंतरात एक मीटर उतार असेल, तर भेगेच्या प्रत्येक मीटर लांबीमागे दिवसाला सुमारे ७,००० लिटर पाणी वाहू शकते. तीच भेग ०.१ मिलिमीटरची असेल तर ७ लिटर. रुंदी दहापट घटली, पाणी हजारपट. प्रत्यक्षातली भेग खडबडीत आणि वाकडीतिकडी असते, त्यामुळे आकडे खाली येतात, पण गुणोत्तराचा स्वभाव बदलत नाही. यातून दोन गोष्टी निघतात. एक, शंभर भेगांपैकी एक-दोनच जवळपास सगळे पाणी वाहून नेतात आणि चाचणी-छिद्र त्यांना चुकवून गेले तर अहवालात ‘पाणी नगण्य’ असे लिहिले जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: भेगेवरचा दाब थोडा जरी बदलला तरी तिची वाहकता कितीतरी पटींनी बदलते. खोदकाम नेमके हेच करते. ते एका बाजूचा भार काढते, दुसऱ्या बाजूला वाढवते.

पाणी केवळ वाहत नाही, ते ढकलतेही. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेले तत्त्व आजही या शास्त्राचा पाया आहे: माती किंवा भेगाळलेला खडक ज्या प्रतिबलामुळे एकसंध राहतो, ते म्हणजे एकूण भारातून पाण्याचा दाब वजा करून उरणारे प्रतिबल. भूजलपातळीच्या तीस मीटर खाली पाण्याचा दाब दर चौरस मीटरला तीस टन असतो. तेवढ्या जोराने ते भेगेच्या दोन्ही कडांना एकमेकींपासून दूर सारत असते. उलटही खरे आहे. उपसा करून पातळी दहा मीटर उतरवली की वरच्या मातीच्या कणांवर दर चौरस मीटरला जवळपास दहा टनांचा जादा भार येतो, माती दबते आणि ज्याने कधी बोगदा पाहिला नाही अशा घराच्या भिंतीला तडा जातो.

ज्यांना पट्टिताश्माच्या कणखरपणाचा भरवसा वाटतो, त्यांनी फ्रान्समधील मालपासे धरणाचा इतिहास वाचावा. फ्रेझ्यूस गावाच्या वर, पट्टिताश्मातच बांधलेले ते ६६ मीटर उंचीचे सुबक कमानी धरण २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. काँक्रीटमध्ये दोष सापडला नाही. दोष डाव्या बाजूच्या खडकात होता. तपासाअंती उभे राहिलेले चित्र असे: कमानीच्या रेट्याने खडक दाबला गेला, त्याच्या भेगा मिटल्या आणि त्या मिटलेल्या पट्ट्याने जणू जमिनीखाली दुसरे धरण तयार झाले. मागून आलेले पाणी त्याच्यामागे अडले, त्याचा दाब वाढत गेला, आणि खालच्या विभंगापासून खडकाची एक मोठी पाचर उचलली जाऊन सरकली. तेथील खडकाचे नमुने नंतर प्रयोगशाळेत दाबून पाहिले, तेव्हा त्यांची पार्यता दाबानुसार कमालीची बदलते असे आढळले. सर्वांना खडक कठीण आहे हे ठाऊक होते. तो पाण्यासह कसा वागतो, हे कोणी विचारले नव्हते.

मालपासेनंतर या शास्त्राने आपली परीक्षापद्धती बदलली. १९७० च्या दशकात बिएनियाव्स्की यांनी खडकाला शंभर गुणांत मोजण्याची जी पद्धत दिली, ती आज भारतातल्या जवळपास प्रत्येक बोगद्याच्या अहवालात दिसते. तिच्या प्रचलित रूपात दगडाच्या मूळ ताकदीला १५ गुण आहेत. भूजलालाही १५. उरलेले ७० भेगांचे: त्या किती दाट, किती अंतरावर, त्यांच्या कडा खरखरीत की गुळगुळीत, आत चिकणमाती आहे की नाही. ‘तीन अब्ज वर्षांचा कणखर दगड’ या युक्तिवादाला या पद्धतीत शंभरापैकी फार तर १५ गुण मिळतात. त्याच पद्धतीत भेगांची दिशा प्रतिकूल असेल तर मिळालेले गुण कापले जातात, आणि तीव्र उताराच्या भेगांना समांतर धावणारा बोगदा सर्वांत प्रतिकूल गटात मोडतो. हेब्बाळ शहराच्या उत्तरेला आहे, सिल्क बोर्ड दक्षिणेला. खडकाचे पट्टेही साधारण उत्तर-दक्षिण. रस्त्यांवरची गर्दी कमी करण्यासाठी आखलेली रेघ खडकाच्या दृष्टीने कशी पडते, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत कोणी विचारल्याचे दिसत नाही.

दुसरे उदाहरण स्वीडनचे, आणि बंगळुरूसाठी तेच अधिक जवळचे. हालांडसोस डोंगराखालचा रेल्वे बोगदा १९९२ मध्ये सुरू झाला. लांबी अवघी ८.७ किलोमीटर आणि खडक पुन्हा पट्टिताश्म. तो काही वर्षांत संपायचा होता. भेगांतून अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पाणी आले, डोंगरावरच्या विहिरी उतरल्या, आणि गळती थांबवण्यासाठी भेगांत जे रसायन भरले त्यातले अ‍ॅक्रिलामाइड १९९७ मध्ये ओढ्यांत पोचले. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या, काम बंद झाले. बोगदा अखेर डिसेंबर २०१५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याच सुमारास नॉर्वेत ऑस्लोजवळच्या रोमेरिक्सपोर्टन बोगद्यानेही वरच्या तळ्याचे पाणी खाली ओढले होते. दोन्ही देश खडकात खोदण्याच्या कामात जगात अग्रेसर मानले जातात. त्यांच्याकडे पैसा होता, यंत्रे होती, अनुभव होता. खडकातल्या पाण्याची पुरेशी आगाऊ माहिती नव्हती.

यावरून बंगळुरूत बोगदा होऊच शकत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मेट्रोने ते करून दाखवले आहे. आधुनिक यंत्र आपल्यामागे काँक्रीटच्या कड्यांचे अस्तर बसवत जाते, कड्यांच्या सांध्यांत रबरी पट्ट्या असतात, आणि नीट बांधलेली अशी नळी भूजल फारसे ओढत नाही. ‘बोगद्याने लालबाग सुकेल’ हे सरसकट विधान म्हणूनच टिकणार नाही. धोका नळीच्या लांबीत कमी आणि तिच्या तोंडांशी जास्त असतो: जेथे शाफ्ट खणला जातो, जेथे उतारमार्ग वरच्या कुजलेल्या थराला छेदून जमिनीवर येतो, जेथे दोन नळ्यांना जोडणारी आडवी वाट यंत्राविना, स्फोटकांनी किंवा हातोड्यांनी फोडली जाते. या जागी महिनोन्‌महिने उपसा चालतो. उपसा थांबल्यावर पातळी परत येईलच असे नाही, कारण तोवर भेगांची मांडणी बदललेली असते. लालबागेच्या शेजारी असा शाफ्ट नको म्हणणाऱ्यांचा आग्रह वृक्षांच्या मोजणीपेक्षा या कारणासाठी अधिक वजनदार आहे. वरच्या पंधरा मीटरांतली टाकी फुटली तर झाडे त्यानंतर मरतात, आणि तोपर्यंत कंत्राटदाराची जबाबदारीची मुदत संपलेली असते.

मराठी मुलखाला हे नवे नाही. जुलै २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात रुळांवर पाणी आले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. बोगदा दीड किलोमीटरचा. खडक वेगळा, जांभा आणि चिकणमातीचा. बांधतानाच त्याने अभियंत्यांना वर्षानुवर्षे छळले होते. १९९८ मध्ये मार्ग सुरू झाल्यानंतर पाव शतकाने त्याने पुन्हा आठवण करून दिली. पाण्याला घाई नसते.

मूळ दुखणे माहितीच्या मालकीत आहे. बसवनगुडीत जुनी घरे पाडून दुहेरी तळघराच्या इमारती उभ्या राहत आहेत. प्रत्येक इमारतीसाठी माती-परीक्षणाची छिद्रे घेतली जातात. मेट्रोचा हरित मार्ग येथे उन्नत आहे, पण नॅशनल कॉलेज, लालबाग, साउथ एंड सर्कल या स्थानकांच्या खांबांसाठी जमीन तपासली गेलीच. पाणीपुरवठा मंडळाने, महापालिकेने आणि खासगी घरमालकांनी अगणित विंधन विहिरी खोदल्या. म्हणजे या चार-पाच चौरस किलोमीटरांना शेकडो ठिकाणी टोचून पाहिलेले आहे. ती सारी माहिती एकत्र मांडली तर कातळाच्या माथ्याचा आणि भेगाळ पट्ट्यांचा नकाशा बऱ्याच अंशी आपोआप तयार होईल. ती आहे कोठे? काही सल्लागारांच्या कपाटांत, काही मंजुरीच्या फायलींत, आणि विंधन विहिरींच्या बाबतीत तर गाडीवाल्याच्या आठवणीत. कोणत्या खोलीवर पाणी ‘लागले’ हे तो तोंडी सांगतो. बाहेर पडलेल्या दगडी भुकटीचा रंग कोणी लिहून ठेवत नाही.

नेदरलँड्सने २०१८ पासून जमिनीखालच्या माहितीची राष्ट्रीय नोंदवही कायद्याने सुरू केली. सरकारी संस्थेने छिद्र घेतले की त्याची नोंद तेथे गेलीच पाहिजे, आणि ती कोणालाही पाहता येते. ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडच्या असंख्य छिद्रनोंदी घरबसल्या वाचता येतात. हाँगकाँगने १९७० च्या दशकातील जीवघेण्या दरडींनंतर १९७७ मध्ये भूतांत्रिक नियंत्रणासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापले आणि जुने अहवाल सर्वांसाठी जमवले. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहितीसंचय सुरू झाला खरा, पण त्याचा रोख खनिजांच्या शोधावर आहे. शहराच्या पायाखालचा दगड कोणाच्याच खात्यात येत नाही. पाणी एका खात्याकडे, पाया दुसऱ्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे.

आक्षेप येतो की अशी माहिती उघड केल्यास जमिनीच्या किमतींवर परिणाम होईल आणि कंत्राटदार दावे ठोकतील. वस्तुस्थिती उलट आहे. भूगर्भ ‘अनपेक्षित’ निघाल्याचे दावे माहिती कमी असते तेव्हा वाढतात, आणि त्यांची भरपाई करदाता करतो. काही हजार कोटींच्या प्रकल्पात आणखी शे-दोनशे छिद्रे घेण्याचा खर्च नगण्य असतो. नगण्य नसतो तो वेळ. भूजलपातळी एका दिवसात मोजून भागत नाही. बंगळुरूला नैर्ऋत्य मोसमी पाऊस आहे, ऑक्टोबरचा परतीचा आहे, आणि मध्ये एप्रिल-मेचे वळीव. पिझोमीटर नावाच्या दाबमापक नळ्या निरनिराळ्या खोलीवर बसवून किमान एक पूर्ण वर्ष वाचल्याशिवाय खडकातले पाणी कोठून कोठे जाते हे कळत नाही. निवडणुकीच्या वेळापत्रकात असे वर्ष कोणालाच सापडत नाही, हेच खरे कारण असावे.

तळघरांचेही तसेच. साठ बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर सात मीटर खोल तळघर खणले तर सुमारे दीड हजार घनमीटर मुरूम निघतो, म्हणजे जास्तीत जास्त सत्तेचाळीस हजार लिटर पाणी धरणारी जागा जाते. आठ टँकरांएवढी. एका घरापुरते हे किरकोळ आहे. रस्त्यावरच्या वीस घरांनी तेच केले, प्रत्येकाने खणताना चार महिने उपसा गटारात सोडला आणि मग जमिनीत मुरायला जागाच ठेवली नाही, की त्या रस्त्यावरच्या विंधन विहिरी का आटल्या याचे उत्तर कावेरीच्या पाणीवाटपात शोधावे लागत नाही. मोठ्या भूखंडांना पावसाचे पाणी साठवण्याची वा मुरवण्याची सक्ती २००९ पासून आहे. खणताना उपसलेल्या पाण्यासाठी मात्र साधा मीटर बसवण्याचीही सक्ती प्रत्यक्षात दिसत नाही.

माहिती गोळा करण्याचे काम बसवनगुडीपासून सुरू करता येईल, आणि त्यासाठी उपग्रहांची गरज नाही. येथील जुन्या घरांच्या परसात आड होते. नळ आल्यावर ते बुजले, कोणावर फरशी बसली, कोणावर मोटारीची जागा झाली. टॅनरी रोडच्या विहिरीसारखी प्रत्येक बुजवलेली विहीर बोगद्याच्या यंत्रासाठी एक सापळा असते आणि भूजल मोजणाऱ्यासाठी आयती खिडकी. त्यांच्या जागा आजही सांगू शकतील अशी माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. विहिरी खणणारे मन्नु वड्डर, ज्यांचे भाऊबंद महाराष्ट्रात माती वडार म्हणून ओळखले जातात, शहरात अजून काम करतात. उथळ विहिरी पुन्हा खणण्याच्या मोहिमेमुळे गेल्या काही वर्षांत त्यांना मागणीही आली आहे. कुदळीखाली मुरमाचा पोत कोठे बदलतो आणि पाझर कोणत्या बाजूने येतो, हे त्यांच्याइतके थेट कोणत्याही यंत्राला कळत नाही. त्यांच्यासोबत एक भूवैज्ञानिक आणि एक वही दिली, प्रत्येक आडाची जागा, खोली, पाण्याची पातळी आणि कातळ लागल्याची खूण लिहिली, आणि ती वही महापालिकेच्या संकेतस्थळावर ठेवली, तर एका पावसाळ्याच्या आत लालबागेपासून गवीपुरमपर्यंतचा पहिला विश्वासार्ह नकाशा हाती येईल. शाफ्टची जागा ठरवणाऱ्या समितीने तो नकाशा समोर ठेवून बसावे. निविदेची तारीख त्यानंतरची असावी.